हिंडलगा की धारवाड?

आपल्या सीमाभागात दोन गावांची नावे नुसती गावांची राहिलेली नाहीत. ‘तो हिंडलग्याला गेला’ असे कोणी म्हणाले, तर तो कोणाच्या बारशाला गेला असे कोणी समजत नाही. आणि ‘त्याला धारवाडला नेला’ म्हटले की पेढा आणायला नेला, असाही अर्थ कोणी घेत नाही. एक तुरुंगाचे गाव, दुसरे वेड्यांच्या इस्पितळाचे. मराठी घरात हे जसे बोलतात तसेच कन्नड घरातही. माझे सासर हिंडलग्याचे. बसमध्ये शेजारची बाई ‘कुठल्या ओ तुम्ही?’ विचारते, मी गावाचे नाव सांगते आणि तिची नजर नकळत माझ्या पिशवीकडे जाते. आत कोणाला भेटायला चालली असेल ही? आता त्याचेही काही वाटत नाही.

वेंगुर्ले रस्त्यावरचा हा तुरुंग १९२३ सालचा. धारवाडचे मनोरुग्णालय त्याहून जुने. आता त्याला संस्थेचा दर्जा मिळाला आहे आणि ‘डिम्हान्स’ असे नाव आहे. दोन्हींच्या मधल्या वाटेवर बेळगावचे न्यायालय. या तीन ठिकाणी मिळून खेपा घालणारी जी माणसे आहेत, त्यांच्याविषयी आज लिहायचे आहे. ही माणसे धड हिंडलग्याची नसतात, धड धारवाडची नसतात. चोरी केलेली असते हे खरे, डोके ताळ्यावर नसते हेही खरे, दारू सुटत नाही हे तर जगजाहीर. आणि पोटाला काम नसते, हे या सगळ्याच्या तळाशी. न्यायालयासमोर मात्र यातली एकच गोष्ट येते : चोरी.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षे कायदेविषयक स्वयंसेविकेचे काम केले. अर्ज लिहून देणे, कोणत्या खोलीत जायचे ते दाखवणे, कन्नड कागद मराठीत आणि मराठी कागद कन्नडमध्ये वाचून दाखवणे, असे साधेच काम. दोन्ही भाषा येणाऱ्या बाईला सीमाभागात कामाचा तोटा नाही. मुलाखतीच्या दिवशी तुरुंगाबाहेर निपाणी, चिक्कोडी, गोकाक, खानापूर अशा चहूकडच्या बायका दिसत. एक मराठीत रडते, दुसरी तिला कन्नडमध्ये समजावते, ‘एन माडोदु, अक्का’ म्हणते आणि आपल्या पिशवीतले केळे तिच्या पोराच्या हातावर ठेवते. तिथे भाषेचा वाद मी कधी ऐकला नाही.

वर्तमानपत्रात हिंडलग्याचे नाव येते ते फाशीची शिक्षा झालेल्यांमुळे नाहीतर टोळीवाल्यांमुळे. त्यामुळे आत सगळे तसेच असणार, अशी आपली समजूत होते. देशाचे आकडे वेगळे बोलतात. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती आणि त्यांतली ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी होती. म्हणजे चारांपैकी तिघांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. बेंगळूरच्या निम्हान्सच्या डॉक्टरांनी तिथल्या मध्यवर्ती कारागृहातील ५,०२४ कैद्यांची पाहणी केली होती. तिचा अहवाल २०११ साली आला. व्यसन किंवा मनाचा आजार यांपैकी काही ना काही असलेले कैदी जवळजवळ ८० टक्के निघाले. व्यसन बाजूला काढले, तरी मनाचा आजार असलेले २७ टक्क्यांवर उरले. आपल्या गल्लीत चार घरांमागे एक माणूस असा असता, तर आपण काय केले असते?

अशाच एका मुलाची गोष्ट मला जवळून माहीत आहे. आई निपाणीकडची, विड्या वळणारी. मुलगा चोवीस-पंचवीसचा. नाव-गाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. वाचकांपैकी अनेकांना आपल्या ओळखीतलाच कोणीतरी आठवेल. दहावीपर्यंत बरा शिकला, कागलकडे कारखान्यात लागला, आणि विसाव्या वर्षी ‘माझ्याविषयी लोक बोलतात’ म्हणू लागला. आधी देवाचे झाले, मग अंगारे-धुपारे झाले, मग एकदा कोल्हापूरला डॉक्टर झाले. गोळ्यांनी झोप येते म्हणून गोळ्या सुटल्या. दारूने आवाज कमी होतात म्हणून दारू लागली. दारूला पैसे पाहिजेत म्हणून विहिरीवरच्या मोटारीची केबल कापली. तांबे विकले, पकडला गेला.

‘बाई, त्यो चोर न्हाई ओ,’ आई मला सांगत होती. ‘त्येच्या डोस्क्यात कोणतरी बोलतंय. त्ये गप्प बसलं की ह्यो बी गप्प बसतोय.’

आत गेल्यावर तुरुंगाच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. दारू नव्हतीच. दीड-दोन महिन्यांत तो शांत झोपू लागला, आईला ओळखून नीट बोलू लागला. मग जामीन झाला. बाहेर आला तेव्हा आईला वाटले, पोरगा बरा झाला, आता गोळी कशाला? चिठ्ठी इंग्रजीत, ती ट्रंकेत गेली. तीन महिन्यांत आवाज परत आले, तारखेला गेला नाही, वॉरंट निघाले, पुन्हा आत. आत गेला की पुन्हा गोळी, पुन्हा बरा. असे तीनदा झाले. तिन्ही वेळा बाकीची माणसे वेगवेगळी होती : फौजदार वेगळे, वकील वेगळे, साहेब वेगळे. सगळी कहाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत असलेली व्यक्ती एकच, आणि तिला न्यायालयात कोणी काही विचारत नव्हते. ती आई.

आता मूळ विषयाकडे येते. जगात काही ठिकाणी अशा माणसांसाठी वेगळ्या धर्तीचे न्यायालय चालवतात. आपण त्याला ‘समस्या सोडवणारे न्यायालय’ म्हणू. नाव जरा बोजड आहे, पण कल्पना सोपी. नेहमीचे न्यायालय विचारते, ‘याने केले का, आणि केले असेल तर शिक्षा किती?’ हे न्यायालय त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारते : ‘हा पुन्हा पुन्हा का येतो आहे?’ सुरुवात झाली अमेरिकेतल्या मायामीत, १९८९ साली. कोकेनच्या लाटेने तिथले तुरुंग भरून गेले होते. तेच लोक बाहेर जात आणि तेच परत येत. तेव्हा तिथल्या न्यायाधीशांनी ठरवले, की तुरुंगाऐवजी उपचार द्यायचे. पण ते रुग्णाच्या मर्जीवर सोडायचे नाहीत, ठराविक दिवसांनी त्याने न्यायाधीशासमोर येऊन उभे राहायचे. पुढे २००० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रेड हूक नावाच्या गोदीकामगारांच्या वस्तीत एका जुन्या शाळेच्या इमारतीत न्यायालय सुरू झाले. तिथे फौजदारी, कुटुंबाचे आणि घरभाड्याचे तंटे एकाच न्यायाधीशापुढे चालतात. व्यसनमुक्तीचे समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते त्याच इमारतीत बसतात. दारुड्या बापावर एका कोर्टात खटला, त्याच्या मुलाचा दुसऱ्या कोर्टात आणि घर खाली करण्याची नोटीस तिसऱ्या कोर्टात, असे होत नाही. हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती विडीवाली.

या न्यायालयांचे खरे बळ उपचारात आहे असे मला वाटत नाही. उपचार आपल्याकडेही आहेत. बळ आहे ते ‘तोच न्यायाधीश’ यात. पंधरा दिवसांनी आरोपी येतो. समोर तीच व्यक्ती असते, तिला मागचे आठवते. ‘मागच्या वेळी आईच्या गुडघ्याचे सांगत होतास, आता कशी आहे? गोळी चुकली का? दोन दिवस? का चुकली?’ खोटे बोलला तर बाजूला बसलेल्या प्रोबेशन अधिकाऱ्याकडे कागद असतो. चांगले चालले असेल तर साहेब तसे सगळ्यांदेखत म्हणतात. आणि ज्याला आयुष्यात कोणी ‘शाब्बास’ म्हटलेले नाही, त्याला ते केवढे लागते, हे शिक्षकाला सांगायला नको. बिघडले तर पहिल्याच चुकीला तुरुंग नाही. आधी तारखा जवळ येतात, अटी कडक होतात, आणि तरीही जमले नाही तर तुरुंग आहेच. इंग्लंडमध्ये २०२३ च्या जूनपासून लिव्हरपूल, टीसाइड आणि बर्मिंगहॅम इथे याच पद्धतीचे प्रयोग सुरू झाले. त्यांतला बर्मिंगहॅमचा खास स्त्रियांसाठी.

‘हे सगळे श्रीमंत देशांचे लाड,’ असे माझे यजमान म्हणाले. (ते वकिलाकडे कारकून होते, त्यामुळे आमच्या घरात कायद्यावर शेवटचा शब्द त्यांचा असतो.) पण त्यांनीच मला जुनी पुस्तके काढून दिली, आणि त्यांत जे दिसले त्याने मी चकित झाले. सगळे सुटे भाग आपल्याकडे पडून आहेत!

गुन्हेगाराला तुरुंगात न घालता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर आणि अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडण्याचा देशव्यापी कायदा १९५८ सालचा. आपला भाग मुंबई इलाख्यात होता तेव्हा तर इलाख्याचा स्वतःचा असा कायदा १९३८ सालीच झाला होता. १९५८ च्या कायद्याविषयी एक गैरसमज वकिलांच्यातही आढळतो, की तो फक्त पहिल्या गुन्ह्यासाठी आहे. समज देऊन सोडण्याचे जे तिसरे कलम आहे त्याला ती अट आहे, पण देखरेखीखाली सोडण्याच्या चौथ्या कलमात तशी अट नाही. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल असा गुन्हा नसावा, आणि त्याचे किंवा जामीनदाराचे राहण्याचे ठिकाण वा नियमित काम असावे, एवढे पाहून न्यायालय तीन वर्षांपर्यंतचे बंधपत्र घेऊ शकते. एकवीस वर्षांखालच्या मुलाला तर तुरुंगात पाठवायचे असेल तर का पाठवतो, याची कारणेच न्यायाधीशाने लिहावी लागतात. शिवाय असे सुटलेल्याला त्या शिक्षेमुळे पुढे नोकरीला अपात्र ठरवू नये, अशीही तरतूद त्याच कायद्यात आहे.

अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा कडक म्हणून प्रसिद्ध. पण त्याचे ३९ वे कलम वाचा. व्यसनी माणूस थोड्या मालासह सापडला आणि दोषी ठरला, तर त्याच्या संमतीने शिक्षा बाजूला ठेवून त्याला सरकारमान्य रुग्णालयात उपचारासाठी सोडता येते आणि वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल न्यायालयात आणावा लागतो. मायामीच्या चार वर्षे आधी आपल्या संसदेने हे लिहून ठेवले होते! यात दारू मात्र नाही, आणि आपल्याकडे घरे बुडतात ती मुख्यतः दारूत. २००७ च्या जुलैत कर्नाटकात पाकिटाची सारायी बंद झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी हळदीकुंकू केले होते. पुढे बाटली आली. असो.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी तर आपण हे न्यायालय जवळजवळ उभेच केले आहे. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याच्या बरोबरीने दोन समाजसेवक बसतात, त्यांतली एक तरी स्त्री असावी लागते. मुलाच्या घरची चौकशी होते, शाळेचे विचारतात, आई-वडिलांना बोलावतात. पण त्याला अठरा पूर्ण झाली, की दुसऱ्या दिवशी केलेल्या गुन्ह्याला हे काहीही नाही. मनाचे मोठे आजार नेमके सतरा-अठरा ते पंचविशीच्या दरम्यान डोके वर काढतात, हे कोणताही मानसोपचारतज्ज्ञ सांगेल. म्हणजे गरज सुरू होते तिथे सोय संपते.

आणि माणसावर विश्वास ठेवून पाहण्याचा धडा तर आपल्याला सातासमुद्रापलीकडून घ्यायलाच नको. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसवले. खुनाच्या शिक्षेतले कैदी, भिंत नसलेली वसाहत, कसायला जमीन आणि सोबत बायकापोरे. संस्थानाच्या राजांना या कामी मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश अभियंत्याची साथ होती. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) त्यावरूनच निघाला. पटकथा माणदेशातल्याच ग. दि. माडगूळकरांची. तो चित्रपट आपण सगळ्यांनी पाहिला, डोळे पुसले आणि घरी आलो.

मग अडते कुठे?

माझ्या पाहण्यात आले ते सांगते. एका तालुक्याच्या गावी न्यायालयात एक मराठी मुलगा उभा होता. आरोप कन्नडमध्ये वाचला गेला. ‘समजले का?’ असे विचारले, तो म्हणाला, ‘हौद्री.’ ‘गुन्हा कबूल आहे का?’ पुन्हा ‘हौद्री.’ निपाणी-चिक्कोडीकडच्या मराठी मुलांना बाजारापुरते कन्नड येते आणि साहेबासमोर ‘हौद्री’ म्हणायचे असते, हे त्यांना लहानपणापासून माहीत असते. त्याच्या वकिलाने चटकन उठून थांबवले म्हणून बरे. आरोपीला समजेल अशा भाषेत सांगावे असे कायदा म्हणतो आणि न्यायाधीशही मनाने चांगले होते; पण बोर्डावर ढीगभर प्रकरणे असली, की ‘हौद्री’ ऐकायला सोयीचे असते. त्यात मनाचा आजार असलेला माणूस दुसऱ्यांच्या ‘हो’ला ‘हो’ करतो, ही आणखी भर. अशा माणसाने दिलेली उपचाराची ‘संमती’ ही संमती मानायची का, असा प्रश्न हे न्यायालय सुरू करणाऱ्यांना पहिल्या दिवशी भेडसावेल. माझ्या मते ती संमती त्याच्या घरच्या भाषेत, घरच्या माणसासमक्ष आणि वकिलाशी बोलून झाल्यावरच घ्यावी. एका बैठकीत तर घेऊच नये.

दुसरी अडचण हद्दीची. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. डॉक्टर कोल्हापूरचा, काम कागलचे, खटला कर्नाटकात. उपचाराचे कागद मराठीत किंवा इंग्रजीत, देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची हद्द कोगनोळीच्या नाक्यापाशी संपते. ब्रुकलिनच्या लोकांना हा प्रश्न पडला नसेल, आपल्याला पडणार. इथल्या अधिकाऱ्याने तिथल्या रुग्णालयाला फोन करून ‘तो आला होता का?’ असे विचारायची व्यवस्था आधी बसवावी लागेल. त्याच्यासाठी वेगळा कायदा लागत नाही, एक फोन आणि दोन्ही लिप्या वाचणारा माणूस लागतो.

तिसरी अडचण म्हणजे प्रत्येक खात्याला आपापला तुकडा दिसतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तुरुंगातल्या आजारी माणसांच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो. जिल्ह्या-जिल्ह्यांत मनाच्या आजाराची औषधे पोचवण्याची योजना तर आपल्याच राज्यातल्या बळ्ळारीत निम्हान्सने १९८५ च्या सुमारास प्रथम राबवली आणि देशाने ती उचलली. कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ योजनेखाली तालुक्याच्या रुग्णालयात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात. म्हणजे तुरुंगात गोळी आहे, तालुक्यात गोळी आहे. तुरुंगाच्या दारापासून तालुक्याच्या खिडकीपर्यंत माणसाला घेऊन जाणारे कोणी नाही. आसामातल्या मचांग लालुंग यांचे नाव वाचकांना आठवत असेल. १९५१ साली पकडले गेले, मनोरुग्णालयात पाठवले गेले आणि सगळे त्यांना विसरले. खटला न चालताच ५४ वर्षे बंदिवासात काढून २००५ साली ते सुटले. कोणी त्यांचा छळ करायचे ठरवले नव्हते. कागद इकडचा तिकडे गेला नाही, एवढेच.

आता दुसरी बाजू. ज्याची केबल गेली त्या शेतकऱ्याला मी भेटले आहे. ऐन पाण्याच्या पाळीत मोटार बंद, नवी केबल उधारीवर. त्याने मला स्पष्ट सांगितले, ‘त्याला औषध द्या, नाहीतर आणि काय द्या, माझ्या केबलचं काय?’ त्याचे बरोबर आहे. उपचारांच्या गोड बोलण्यात ज्याचे नुकसान झाले तो माणूस दाराबाहेर राहू नये. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, माल किंवा किंमत परत केल्यावर समाजसेवेची शिक्षा ठेवली आहे. हे मला आवडले. आधी परत कर, मग झाडू हातात घे. हप्त्याने का होईना, केबलचे पैसे त्या शेतकऱ्याच्या हातात पडले पाहिजेत, आणि शक्य असेल तर त्याच न्यायालयात, समोरासमोर.

घरात मारहाण करणाऱ्या दारुड्याच्या बाबतीत मी फार सावध आहे. ‘आजारी आहे बिचारा’ म्हणून त्याला घरी पाठवायचे आणि सुनेने पुन्हा मार खायचा, असे या न्यायालयाचे झाले तर मी पहिली विरोध करीन. ‘संसार सांभाळून घे’ असा सल्ला आपल्याकडे फुकट मिळतो. अशा प्रकरणात आधी तिची सोय, तिला एकटीला विचारणे, आणि मग त्याचे उपचार.

यश हमखास आहे असेही कोणी समजू नये. रेड हूकची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. किरकोळ गुन्ह्यांतले मोठे लोक पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण तिथे सुमारे १० टक्क्यांनी कमी आढळले. दहाच टक्के! पण त्या दहातला एक आपला असेल तर? उलट लिव्हरपूलला २००५ साली मोठ्या गाजावाजाने असेच केंद्र उघडले आणि २०१४ साली बंद केले. खर्च मोठा, काम घटलेले, आणि गुन्हे कमी झाल्याचे आकड्यांत दिसेना. आणि आता वर सांगितलेल्या प्रयोगात त्याच शहरात ही पद्धत पुन्हा आली, तीही वेगळी इमारत न बांधता नेहमीच्याच न्यायालयात. त्यांनी नऊ वर्षे घालवून जो धडा घेतला तो आपल्याला फुकट घेता येईल. आपल्याकडे नाहीतर पहिल्यांदा भूमिपूजन होते, कोनशिला बसते आणि मग आत कोणाला बसवायचे याचा विचार सुरू होतो.

बेळगावला हे कसे सुरू होऊ शकेल, यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली. यजमानांचे म्हणणे, उच्च न्यायालयाच्या मान्यतेशिवाय काही हलणार नाही. धारवाडला खंडपीठ आहे, तिथून सुरुवात करावी. माझे म्हणणे, मागणी लहान ठेवावी. एका दंडाधिकाऱ्याने पंधरवड्यातून एक दुपार द्यावी. वीसेक माणसे घ्यावीत, आणि तीही सोपी-सोपी निवडून नव्हे. अमेरिकेत काही ठिकाणी यश दाखवता यावे म्हणून बरी होणारी माणसेच आत घेतात, अवघड ती तुरुंगात जातात, अशी टीका झाली आहे. दुपारी साहेबांच्या डावी-उजवीकडे प्रोबेशन अधिकारी, जिल्हा रुग्णालयाचा माणूस, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील आणि दोन्ही भाषा नीट येणारी एक व्यक्ती असावी. या शेवटच्या जागेसाठी निवृत्त शिक्षिका मिळतील, पगार नको, चहा पुरे. आणि त्या साहेबांची दोन वर्षे तरी बदली होऊ नये. यजमान या शेवटच्या वाक्याला हसले. पण सगळे अडते ते तिथेच. साहेब बदलले की ‘तोच न्यायाधीश’ राहत नाही, आणि मग मागे उरतो तो नेहमीचा बोर्ड.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाचे कार्यकर्ते १९९० पासून तुरुंगात आणि न्यायालयांत बसून हे जोडकाम करीत आले आहेत. घरच्यांना निरोप, जामिनाची कागदपत्रे, सुटल्यावर कामधंदा. न्यायालय बदलेपर्यंत असे दोन कार्यकर्ते जरी बेळगाव-हिंडलग्याला मिळाले, तरी निम्मे दुखणे हलके होईल. महाविद्यालयांतून समाजकार्य शिकणारी मुले आपल्याकडे कमी नाहीत.

त्या विडीवाल्या अक्काचा मुलगा सध्या घरी आहे. गोळी चालू आहे. गोळ्यांची पाकिटे तिने विडीच्या सुपाशेजारी खिळ्याला टांगली आहेत, म्हणजे विसर पडत नाही. चिठ्ठी मी मराठीत लिहून दिली आहे आणि खाली कन्नडमध्येही, कारण औषधे देणारा मुलगा गोकाकचा आहे. परवा ती पुढच्या तारखेचा कागद घेऊन आली. मी दिनदर्शिका काढून पाहिली. तारीख मंगळवारी आहे, आणि त्याच मंगळवारी तालुक्याला डॉक्टर येतात.

‘बाई, मग कुठं न्हेऊ त्येला?’ तिने विचारले. वकिलांशी बोलून तारीख बदलून मागण्याचा अर्ज मी लिहून दिला आहे. एक प्रत मराठीत, तिच्यासाठी.